मराठी गाण्यांचा डबा: आवाज झकास, पण गाणं कुणाचं ते सांगतच नाही

मराठी गाणी आधीच भरून मिळतात ना, तो जुन्या रेडिओसारखा दिसणारा म्युझिक प्लेअर, त्याचा हा रिव्ह्यू आहे. आईसाठी घेतला, किंमत पाच-सहा हजारांच्या घरात, आणि आता घरात रोज वाजतो, त्यामुळे दोन दिवस वापरून लिहिलेलं हे नाही. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये. माझी मुख्य तक्रार वस्तू बिघडली वगैरे नाहीये, गाण्यांकडे बघायच्या एकूण पद्धतीबद्दल आहे आणि ती मला फोनवरच्या ॲप्समध्येही थोड्याफार फरकाने दिसते, मग एकालाच कशाला धरायचं. ज्यांना फक्त आवाज कसाय, बॅटरी किती चालते एवढंच हवंय त्यांनी पुढचा एक पॅरा वाचला तरी चालेल.

तर आवाज चांगला आहे. म्हणजे खरंच चांगला. बेस उगाच फुगवलेला नाही, गळा समोर ऐकू येतो, तबला मागे पण स्वच्छ. स्वयंपाकघरात कुकर चालू असताना हॉलमधून शब्द कळतात. बटणं मोठी आहेत, आईला चष्मा न लावता सापडतात, गोल नॉब फिरवला की कलाकार बदलतो, एफएम आहे, ब्लूटूथ आहे, मागे पेन ड्राइव्ह लावायची सोय आहे. एकदा चार्ज केला की सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं लावून दोन-तीन दिवस सहज जातात. बॉडी प्लास्टिकची पण दणकट वाटते. रिमोट मात्र एकदम किरकोळ, हातातून सटकतो आणि सोफ्याच्या फटीत जातो. वस्तू म्हणून दहापैकी आठ मार्क बिनधास्त.

गाण्यांची निवडही वाईट नाहीये हे आधीच सांगतो. वसंत प्रभू आणि पी. सावळाराम या जोडीची लताबाईंनी गायलेली गाणी भरपूर आहेत, 'गंगा यमुना डोळ्यांत उभ्या का' लागलं की आई हातातलं काम थांबवते, पाठवणीच्या गाण्यांत त्याच्या तोडीचं दुसरं नाही असं तिचं ठाम मत आहे. खळेकाकांची, म्हणजे संगीतकार श्रीनिवास खळ्यांची गाणी आहेत, अरुण दाते आहेत, पाडगावकर-यशवंत देव जोडीचं 'भातुकलीच्या खेळामधली' आहे, माणिक वर्मा आहेत, बाबूजी म्हणजे सुधीर फडके तर ढीगभर आहेत. नाट्यगीतं थोडी, लावण्या बऱ्यापैकी. 'ऋणानुबंधाच्या जिथून पडल्या गाठी' आहे, कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांचं, ते इतकं स्वच्छ मी यूट्यूबवर कधी ऐकलं नव्हतं.

आता खरी गोष्ट.

डब्याबरोबर एक जाड पुस्तिका येते, गाण्यांची यादी. गुळगुळीत कागद, सुंदर छपाई. त्यात तीन रकाने आहेत: नंबर, गाण्याचा मुखडा, गायकाचं नाव. संपलं. कवी नाही, संगीतकार नाही, सिनेमा नाही, नाटक नाही, साल नाही. नॉब फिरवला की ज्या कलाकारांची नावं येतात तेही जवळजवळ सगळे गायकच, संगीतकार म्हणून दोन-तीन जणांना जागा दिलीय आणि गीतकार एकही नाही. एकही नाही म्हणजे गदिमा, आपले ग. दि. माडगूळकर नाहीत! मराठी गाण्यांच्या डब्यात गदिमांच्या नावाचं बटण नाही, शांताबाई शेळक्यांचं नाही, जगदीश खेबुडकरांचं नाही, सुरेश भटांचं नाही. या चौघांची गाणी बाहेर काढली तर त्या डब्यात काय उरेल हो?

आपण ज्या पिढीत वाढलो तिला हे जास्त टोचतं, कारण आपल्याला आकाशवाणीने वेगळी सवय लावली होती. गाणं लागायच्या आधी किंवा नंतर निवेदिका सांगायची, गीत अमुक, संगीत तमुक, स्वर अमक्यांचे. तिन्ही नावं, रोज, न चुकता. शाळेत न जाता आपल्याला शांता शेळके आणि हृदयनाथ मंगेशकर ही नावं पाठ झाली ती अशी. माझ्या आईचं शिक्षण सातवीपर्यंत, पण कुठल्याही भावगीताचा कवी ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. हे शिक्षण तिला रेडिओने फुकट दिलं आणि सहा हजारांच्या डब्याने ते तिच्या नातवंडांना द्यायला पाहिजे होतं. माझी मुलगी आजीबरोबर बसून ऐकते, तिला गाणी आवडतायत, पण ती विचारते तेव्हा 'कुणाचं गाणं' याला एकच उत्तर तिला माहितीये, जे गातात त्यांचं.

एक उदाहरण देतो म्हणजे कळेल. 'मी डोलकर डोलकर दर्याचा राजा' लागलं होतं आणि शेजारच्या काकू आल्या होत्या, त्या म्हणाल्या हे आमच्या कोळीवाड्यातलं पारंपरिक गाणं, आमच्या आजीपासून ऐकतोय. मी पुस्तिका काढली, तिथे फक्त लता मंगेशकर आणि हेमंतकुमार. आता हे गाणं शांताबाईंचं. इंदापूरला जन्मलेल्या, मुंबईत कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या शांता शेळके यांनी ते लिहिलं आणि चाल हृदयनाथांची. समुद्रापासून इतक्या लांबच्या बाईने कोळ्यांची बोली, त्यांचा ठेका, त्यांचा तोरा असा काही पकडला की कोळीवाड्यातल्या माणसाला ते आपल्या आजीचं वाटतं. काकूंना ते आपलं वाटणं यात शांताबाईंचं यशच आहे. पण ते यश कुणाचं हे माहीत असलं की कौतुक दुप्पट होतं, मी सांगितल्यावर काकूंनी ते गाणं परत लावायला लावलं आणि या वेळी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला, मधेच म्हणाल्या 'बाई, ही आमच्यातली नव्हती?' असं म्हणून हसल्या आणि परत ऐकायला लागल्या.

हीच गत 'इंद्रायणी काठी'ची. भीमसेनजींच्या नावाखाली आहे, बरोबरच आहे, त्यांनी गायलंय. पण अर्ध्या महाराष्ट्राला तो तुकोबांचा नाहीतर ज्ञानोबांचा अभंग वाटतो. ते गदिमांनी १९५३ च्या 'गुळाचा गणपती' सिनेमासाठी लिहिलेलं गाणं आहे आणि संगीत पु. ल. देशपांड्यांचं! हे कळलं की डोक्यात एकदम दिवा लागतो की नाही? ज्या माणसाला आपण हसवणारा लेखक म्हणून ओळखतो त्याने ही चाल बांधलीय. त्याच वर्षी 'देवबाप्पा' आला, त्यातलं 'नाच रे मोरा' पण गदिमा आणि पुलंचंच, गायलं आशाबाईंनी. बालवाडीतल्या प्रत्येक गॅदरिंगमध्ये वाजणारं गाणं आणि वारीत डोळ्यांत पाणी आणणारं गाणं, एकाच वर्षी, त्याच दोन माणसांकडून. डब्यात एक गाणं 'बालगीते'मध्ये आहे आणि दुसरं 'भक्तिगीते'मध्ये, मधे काहीही दुवा नाही. कुणीतरी एखाद्याने बसून हे जोडून दिलं असतं तर काय बहार आली असती.

आणि 'ऐरणीच्या देवा तुला'! हे तर मला सगळ्यात जास्त लागलं. ते लताबाईंच्या बटणाखाली आहे, ठीक. पण १९६५ च्या 'साधी माणसं'ला संगीत देणारे आनंदघन म्हणजे स्वतः लताबाईच होत्या. टोपणनावाने त्यांनी मराठी सिनेमांना संगीत दिलं, 'मराठा तितुका मेळवावा'चं संगीतही त्यांचंच, 'अखेरचा हा तुला दंडवत' पण. म्हणजे या डब्याच्या सगळ्यात मोठ्या आकर्षणाचं, ज्यांचा फोटो खोक्यावर आहे, त्यांचंच अर्धं काम डब्याने सांगितलेलं नाही. ऐरणीचे शब्द जगदीश खेबुडकरांचे, कोल्हापुरात शाळामास्तर असलेल्या माणसाचे. भात्याचा, ठिणगीचा, घामाचा सगळा संसार त्या दोन-तीन कडव्यांत येतो, लोहाराच्या घरातली बाई देवाकडे काय मागते ते येतं. ती एक गोष्टच आहे, चार मिनिटांत सांगितलेली.

मला वाटतं इथेच सगळ्या गाण्यांच्या कंपन्यांचा घोळ होतो. मराठी लोकप्रिय गाणं हे मुळात गोष्ट सांगणारं आहे. सिनेमातलं असो, नाटकातलं असो, लावणी असो, पोवाडा तर आहेच. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय, आणि ते सांगणारं पात्र कोण, वेळ कुठली हे कळलं तर गाणं वेगळंच ऐकू येतं. 'कशी नशिबानं थट्टा आज मांडली' घ्या. नुसतं ऐकलं तर एक दुःखी गाणं. पण 'पिंजरा' माहीत असेल, तो आदर्श गुरुजी तमाशाच्या फडात येऊन कुठे पोचलाय ते माहीत असेल, तर त्या ओळी अंगावर येतात. १९७२ चा सिनेमा, व्ही. शांतारामांचा, शब्द खेबुडकरांचे, संगीत राम कदमांचं, आणि संवाद कुणाचे, तर शंकर पाटलांचे, म्हणजे आपले ग्रामीण कथा लिहिणारे आणि सांगणारे शंकर पाटील. गाणं, गोष्ट, तमाशा, सिनेमा हे सगळं एकाच घरातलं होतं, माणसं या खोलीतून त्या खोलीत जात होती. डब्याने भिंती घातल्या.

भिंतीवरून आठवलं, या डब्यात कथाकथनाचं एक वेगळं बटण आहे. ते बघून मी खूप खूश झालो होतो आणि अजूनही म्हणतो की ही या प्रॉडक्टची सगळ्यात चांगली कल्पना आहे. रात्री लाइट बंद करून गोष्ट ऐकायची मजा आमच्या घरी परत आली ती या बटणामुळे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघं मिळून गावोगाव कथाकथनाचे कार्यक्रम करायचे, हजारो लोक तिकीट काढून नुसती गोष्ट ऐकायला बसायचे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर खोटं वाटतं. स्टेजवर ना वाद्य, ना पडदा, एक माणूस आणि माईक. आणि व्यंकटेश माडगूळकर हे गदिमांचे धाकटे भाऊ, बघा परत एकच घर. डब्यात हा विभाग लहान आहे, तासाभरात संपतो, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे रेकॉर्डिंग कापलंय. गोष्ट सांगणारा थांबतो, लोक हसतात, तो हसू ओसरेपर्यंत वाट बघतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो, ती थांबायची जागा हा त्या कलेचा प्राण आहे. इथे हशा आणि टाळ्या कापून वाक्याला वाक्य चिकटवलंय, वेळ वाचवायला असेल किंवा आवाज साफ करायला असेल, कारण माहीत नाही. पण सांगणारा धावतोय असं वाटतं. मिरासदारांच्या गोष्टीतला माणूस कधी धावत नाही हो, तो निवांत बसून तंबाखू मळतो आणि मग थाप मारतो.

आता गीतरामायण. याच्यासाठी मी खास वेगळा पॅरा ठेवलाय कारण याच्यावरून मी खरंच चिडलोय.

गीतरामायणाचं स्वतंत्र बटण आहे, छप्पन्नच्या छप्पन्न गाणी आहेत, बाबूजींच्या आवाजात, रेकॉर्डिंग छान. बटण दाबलं आणि पहिलं लागलं 'सेतू बांधा रे सागरी'. मला वाटलं चुकून मधूनच सुरू झालं. मग लागलं 'राम जन्मला ग सखी'. मग 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा'. मग 'कोण तू कुठला राजकुमार'. म्हणजे सेतू आधी, मग जन्म, मग भरतभेट, मग शूर्पणखा! सगळं शफल. आणि शफल बंद करायची सोय या बटणासाठी नाहीये, मी पुस्तिका वाचली, कस्टमर केअरला फोन करून विचारलं, नाहीये.

ज्यांना गीतरामायण म्हणजे छान छान भक्तिगीतांचा गुच्छ वाटतो त्यांना याचं काही वाटणार नाही. पण ती मालिका आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गाणं गेलं आणि पुढे वर्षभर दर आठवड्याला एक नवं. सीताकांत लाड आकाशवाणीवर होते, त्यांच्या पुढाकारातून हे सुरू झालं. वर्षाचे आठवडे बावन्न, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून गाणी झाली छप्पन्न. गदिमा आठवड्याला लिहायचे, बाबूजी चाल बांधायचे, रेकॉर्डिंग, प्रक्षेपण, आणि लगेच पुढचं. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसायचे असं जुनी माणसं सांगतात. आज वेब सिरीजच्या पुढच्या भागाची वाट बघतो ना आपण, तशी वाट तेव्हा आख्ख्या महाराष्ट्राने एका गाण्याची बघितली.

आणि रचना बघा. पहिलं गाणं 'स्वये श्री रामप्रभू ऐकती', कुश आणि लव गातायत आणि खुद्द राम ऐकतोय, आपलीच गोष्ट आपल्याच मुलांच्या तोंडून. शेवटचं, छप्पन्नावं, 'गा बाळांनो, श्रीरामायण', वाल्मीकी त्या मुलांना गायला पाठवतायत. म्हणजे शेवटचं गाणं संपलं की गोष्ट बरोबर पहिल्या गाण्याच्या दारात येऊन उभी राहते! गदिमांनी हा आख्खा घाट विचार करून घातलाय. आणि मधली गाणी वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडची, कधी कौसल्या, कधी विश्वामित्र, कधी भरत, कधी शूर्पणखा. मूळ रेडिओच्या मालिकेत तर गायकही वेगवेगळे होते, माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिता फडके, मालती पांडे होत्या. भरत आधी आईवर कडाडतो 'माता न तू वैरिणी' म्हणून आणि मग राम त्याला शांतपणे समजावतो 'दैवजात दुःखे भरता, दोष ना कुणाचा', 'पराधीन आहे जगती' ते हेच गाणं. या दोघांच्या आधी अयोध्येतला तो सगळा आकांत ऐकलेला असला, तर रामाचा तो शांतपणा किती मोठा आहे ते कळतं. क्रम मोडला की 'पराधीन' हे एक सुविचाराचं गाणं होऊन बसतं. आई दोन दिवस ऐकून म्हणाली, 'अरे हे कीर्तनकाराने आख्यानाची पानं उलटीसुलटी करून वाचल्यासारखं वाटतंय.' तिने मग गीतरामायणाचं बटण दाबणंच सोडलं. मी छप्पन्न गाणी क्रमाने पेन ड्राइव्हवर टाकून दिली तेव्हा रामनवमीच्या आधी रोज संध्याकाळी ती आणि काकू ऐकायला बसायला लागल्या. हे मला करायला लागू नये, एवढंच म्हणणं आहे. सॉफ्टवेअरमधली एक छोटी सेटिंग आहे ती.

१९१९ साली गदिमा जन्मले, पुलं जन्मले, बाबूजी जन्मले, तिघंही एकाच वर्षी. २०१९ ला तिघांची जन्मशताब्दी झाली, कार्यक्रम झाले, भाषणं झाली. अशा वेळी एक बटण 'एकोणीसशे एकोणीस' नावाचं ठेवलं असतं तरी लोकांनी डोक्यावर घेतलं असतं. मी फुकट आयडिया देतोय, कुणीही घ्या.

काय नाहीये ते पण लिहितो. शाहिरी जवळजवळ नाही. 'जय जय महाराष्ट्र माझा' आहे, ते असणारच, २०२३ पासून राज्यगीत आहे, राजा बढ्यांचे शब्द, खळेकाकांची चाल, शाहीर साबळ्यांचा आवाज. पण अण्णाभाऊ साठे नाहीत, अमर शेख नाहीत. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड (शाहिरी गाण्याचा एक प्रकार) म्हणजे मुंबईत पोट भरायला आलेल्या माणसाच्या मनातली गोष्ट, आणि तीच पुढे संयुक्त महाराष्ट्राची गोष्ट होते, 'फकिरा' लिहिणाऱ्या माणसाच्या हातची. ती नसेल तर मराठी गाण्याचा डबा अर्धा. वामनदादा कर्डक नाहीत. या माणसाने आयुष्यभर गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली, लाखो लोकांच्या तोंडी ती आहेत, भीमजयंतीला कुठल्याही वस्तीत जा, रात्रभर ऐकायला मिळतील. ती 'मराठी गाणी' या नावाखाली का मोजली जात नाहीत हे कंपन्यांनी सांगावं. रेकॉर्ड कुणाच्या मालकीच्या यावर यादी ठरते हे मला कळतं, हक्कांचे करार असतात, पण ग्राहक म्हणून मला खोक्यावर 'मराठीचा खजिना' असं वाचायला मिळतं आणि आत खजिन्याची एकच पेटी असते, तर मी बोलणार.

सुलोचना चव्हाण आहेत, दिलासा. 'सोळावं वरीस धोक्याचं' लागलं की बाबा पेपर खाली ठेवतात. तेही खेबुडकर आणि वसंत पवार, 'सवाल माझा ऐका' मधलं. वसंत पवार हे नाव तर पुस्तिकेत कुठेच नाही! 'सांगत्ये ऐका'ला, 'बुगडी माझी सांडली ग'ला संगीत देणारा माणूस, तो सिनेमा पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला होता, आणि आज त्यांच्या चाली वाजवून डबे विकणाऱ्यांना त्यांचं नाव छापायला एक ओळ मिळू नये.

नवीन गाणी मोजकी आहेत. अजय-अतुल थोडे आहेत. 'जीव रंगला' आहे, तिथे हरिहरन आणि श्रेया घोषाल अशी दोन नावं. या गाण्यासाठी दोघांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 'जोगवा'च्या संगीतासाठी अजय-अतुलनाही मिळाला, सगळं खरं. शब्द संजय कृष्णाजी पाटलांचे. हे नाव मी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर विचारलं तर एकालाही सांगता आलं नाही, आणि गाणं मात्र प्रत्येकाच्या लग्नाच्या व्हिडिओत आहे. त्या सिनेमामागे राजन गवसांच्या कादंबऱ्या आणि चारुता सागरांची कथा आहे हे तर लांबच. 'सैराट'च्या वेळी अजय-अतुलनी लॉस एंजेलिसला जाऊन सोनीच्या स्टुडिओत मोठ्या ऑर्केस्ट्रासकट रेकॉर्डिंग केलं, त्याची बातमी सगळ्यांना पाठ आहे, कारण ती सांगितली गेली. सांगितलं की लोक लक्षात ठेवतात. लोकांना इंटरेस्ट नसतो हे कारण मला कुणी देऊ नये.

आणि हा नुसता मानपानाचा मुद्दा नाहीये. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलला, त्याच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत बोलले, आणि सिनेमातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून घेऊन काढून टाकता येणार नाही असं ठरलं. म्हणजे कायद्याने त्यांचा वाटा मानला. मग पुस्तिकेतला चौथा आणि पाचवा रकाना छापायला काय अडचण आहे? कागद तोच, शाई तीच.

मी हे सगळं कंपनीला ईमेलने लिहिलं. उत्तर आलं, सभ्य होतं, 'आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे' असं. फोनवर जी मुलगी बोलली ती फार चांगली होती, तिने शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाली सर, माझे आजोबा पण हेच म्हणतात. मग तिने मला सांगितलं की पेन ड्राइव्हवर फोल्डर केला तर तो क्रमाने वाजतो, फाइलच्या नावाआधी आकडा टाका. गीतरामायणाची युक्ती तिचीच, तिला मनापासून धन्यवाद.

घ्यावा का? घरात वयस्कर माणसं असतील, फोनची कटकट नको असेल, तर घ्या. आवाजासाठी घ्या, मोठ्या बटणांसाठी घ्या, कथाकथनासाठी घ्या. दिवाळीच्या आसपास हजारभर रुपये कमी होतात. पण घेतल्यावर एक काम करा, 'आठवणीतली गाणी' म्हणून वेबसाइट आहे, तिथे प्रत्येक गाण्याचं गीत, संगीत, स्वर, चित्रपट किंवा नाटक, बऱ्याच गाण्यांचा राग सुद्धा दिलेला असतो, इतकं नेटकं काम लोकांनी स्वतःच्या प्रेमापोटी केलंय की कंपन्यांनी लाजावं. आम्ही तिथे बघून पुस्तिकेच्या समासात पेन्सिलीने नावं लिहायला घेतलीत. आई सांगते, मुलगी वेबसाइटवर तपासते आणि लिहिते. 'ल'पर्यंत आलोय.

पेन ड्राइव्ह ३२ जीबीपर्यंतचाच घ्या, त्याच्या वरचा आमच्या मॉडेलला वाचता आला नाही. आणि कुणाकडे स्क्रीनवर गीतकाराचं नाव दाखवणारा प्लेअर असेल, कुठल्याही कंपनीचा, तर खाली नक्की लिहा, मामांसाठी एक घ्यायचाय.